संघाच्या बैठकीत पुस्तकही उघडा

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागात गावोगावी बायकांचे बचतगट आहेत. स्त्रीशक्ती संघ म्हणा, बचतगट म्हणा, बैठक सारखीच असते. पैसे मोजायचे, वहीत सह्या करायच्या आणि घाईनं घरी परतायचं. या बैठकीत पंधरा मिनिटं जास्त बसा आणि ज्या ताईला मराठी वाचता येतं तिनं चार पानं मोठ्यानं वाचावीत, एवढं मागणं आहे.

काय वाचायचं? श्रीमंत होण्याचे उपाय सांगणारी भाषांतरं स्टँडवर खूप मिळतात. वाचायला हरकत नाही, पण त्यांतलं गणित आपलं नाही. आपल्याकडे सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या सुमारास येतात, तुरीचे संक्रांतीच्या पुढे-मागे. फायनान्सवाला मात्र दर आठवड्याला नाहीतर दर महिन्याला दारात उभा राहतो. घर मोडतं ते या तफावतीत. त्यामुळे आधी रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक साक्षरतेच्या छोट्या पुस्तिका वाचा. त्या मोफत आहेत, भाषाही सोपी आहे.

त्यासोबत रिझर्व्ह बँकेचे 2022 चे नियमही माहीत असू द्या. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला तारण न घेता दिलेलं कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. वर्षाचं उत्पन्न 1,20,000 असेल तर महिन्याला 10,000 धरा. म्हणजे सगळे हप्ते मिळून 5,000 च्या आत हवेत. करार कर्जदाराला समजेल त्या भाषेत हवा, असंही हे नियम सांगतात. तेव्हा सही करण्याआधी मराठीतून मागा, निदान मराठीतून वाचून घ्या. वसुलीसाठी धमकावणं, घरासमोर तमाशा करणं याविरुद्ध कर्नाटकात 2025 पासून कडक कायदा आहे. भिऊन गप्प बसू नका, पोलिसांत जा.

तब्येतीसाठी मी एकच पुस्तक आधी हातात देईन. डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'. गडचिरोलीत इतरांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या या डॉक्टरांना 44 व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. पुढे जेवण, चालणं, योग, मनावरचा ताण यांत त्यांनी काय बदललं ते त्यांनी मोकळेपणानं लिहिलंय. आपल्या घरांत बीपी तपासणी शिबिरात सापडतं, गोळी महिनाभर चालते आणि 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद होते. हे पुस्तक घरातल्या पुरुषांना ऐकवा. मात्र ते वाचून गोळी सोडायची नाही. गोळीचं डॉक्टर ठरवतील. छातीत कळ आली तर पुस्तक नको आणि घरगुती काढाही नको, थेट दवाखाना गाठा. हृदयरोगासाठी जयदेव संस्थेचं रुग्णालय कलबुर्गीतच आहे.

ज्या घरात दारू शिरली आहे, तिथं डॉ. अनिल अवचटांचं 'मुक्तांगणची गोष्ट' वाचा. त्यांनी आणि डॉ. सुनंदा अवचटांनी 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार होतात, हे नवऱ्याच्या दारूनं पिचलेल्या बाईला कुणीतरी सांगायला हवं. मन फार खचलं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला.

पुस्तकं आणायची कुठून? ग्रामपंचायतीच्या वाचनालयात, म्हणजे 'अरिवु केंद्रा'त, मराठी पुस्तकं मागा. संघाच्या ठरावासह पंचायत विकास अधिकाऱ्यांना (पीडीओंना) लेखी अर्ज द्या. तोंडी मागणीची नोंद राहत नाही. भालकीहून रेल्वेनं उदगीरला जाणं होतंच, येताना एक पुस्तक आणा आणि वर्गणी संघातून काढा. चांगली माहिती कन्नडमध्ये मिळाली तर कन्नड शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या, त्यात कमीपणा नाही. पुढच्या बैठकीत वाचनालयासाठीचा अर्ज लिहायला घ्या.