मनोरे गिरणगावात, मुजरा इंग्रजीला!

लालबागच्या उड्डाणपुलावरून परळकडे जाताना दोन्ही बाजूंना नजर टाकली, तर एके काळी जिथे गिरण्यांची धुरांडी उभी होती, तिथे आज काचेचे मनोरे दिसतात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांतील असंख्यांच्या हाताला पुन्हा माग लागलाच नाही. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते : एक शहरातील मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ मध्ये त्या नियमात दुरुस्ती झाली. ‘मोकळी जमीन’ म्हणजे काय, याचे एक स्पष्टीकरण जोडले गेले आणि गिरणीच्या शेड पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीतून वगळली गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. अवघ्या काही शब्दांनी गिरणगावाचा भूगोल बदलला. बांधकामाच्या व्यवहारात शब्द किती महाग असतो, याचा याहून कडू धडा दुसरा नसेल.

हा धडा गिरणगावाने घेतला का? दुर्दैवाने नाही. ज्याचे आजोबा साच्यावर उभे राहिले, त्या घरातील नातू आज स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन त्याच जमिनीवरील मनोऱ्याच्या कामावर जातो. स्तंभात किती सळया हव्यात, त्यांना किती आवरण हवे, काँक्रीटवर किती दिवस पाणी मारायचे, हे त्याला बिनचूक ठाऊक असते. परंतु साप्ताहिक आढावा बैठक सुरू झाली की तो मागच्या खुर्चीवर बसतो. चूक कुठे झाली हे त्याला दिसत असते. ते चारचौघांत इंग्रजीत मांडता येत नाही, म्हणून तो मान डोलावतो. ज्याला काम कमी आणि बोलणे अधिक येते, तो पुढच्या वर्षी त्याचा वरिष्ठ होतो. घरी परतल्यावर चाळीच्या गॅलरीत निष्कर्ष निघतो : “मराठी शाळेत घातले, हीच चूक झाली.” आणि धाकट्या भावंडाचे नाव इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले जाते.

नेमक्या याच निष्कर्षावर प्रहार करण्याची आज गरज आहे. कारण निदान चुकले की औषधही चुकते.

जमिनीखालचा धडा

गिरगाव-दादरच्या पोटातून जाणाऱ्या भुयारी मेट्रोचे उदाहरण पाहावे. कुलाबा ते सीप्झ हा ३३.५ किलोमीटरचा, २७ स्थानकांचा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाला. यातील काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड या टप्प्याचे काम वालचंद हिराचंदांनी १९२६ मध्ये स्थापन केलेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने मॉस्को मेट्रोस्ट्रॉय या रशियन कंपनीच्या भागीदारीत घेतले. मुंबई सेंट्रल ते वरळी या टप्प्यात सोमा कंपनीबरोबर तुर्कस्तानची डोगुस होती. सिद्धिविनायक, दादर आणि शीतलादेवीच्या टप्प्यात भारतीय कंपन्यांच्या जोडीला तैवानची कंपनी होती. प्रकल्पाला कर्ज मिळाले ते जपानकडून.

रशियन, तुर्की, तैवानी आणि जपानी! यांपैकी एकाही देशाची मातृभाषा इंग्रजी नाही. मॉस्कोतील मुलगा भुयाराचे शास्त्र रशियनमध्ये शिकतो. टोकियोतील मुलगा भूकंपरोधक इमारतीचे गणित जपानीत सोडवतो. आपल्या मुलांना परक्या भाषेच्या शाळेत घातल्यावाचून पूल उभे राहणार नाहीत, असे त्यांच्या समाजधुरिणांना कधी वाटले नाही. मात्र परदेशात कंत्राट घ्यायचे ठरले, तेव्हा त्यांनी कामापुरती इंग्रजी आत्मसात केली आणि ते मुंबईच्या खडकात उतरले. त्यांनी इंग्रजी हाती धरली ती पहार हाती धरावी तशी. काम संपले की पहार कोपऱ्यात ठेवायची असते. तिला देव्हाऱ्यात बसवून हळदकुंकू वाहायचे नसते.

मुंबईचा विसरलेला इतिहास

‘अभियांत्रिकी मराठीत? अशक्य!’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या तथाकथित शिक्षणतज्ज्ञांना मुंबईचाच इतिहास ठाऊक नसतो. १८२३च्या सुमारास याच मुंबईत जॉर्ज जर्व्हिस नावाच्या इंग्रज लष्करी अभियंत्याच्या देखरेखीखाली एक अभियांत्रिकी शाळा सुरू झाली. मोजणी आणि सरकारी बांधकामे यांसाठी माणसे तयार करणे हा तिचा हेतू होता आणि देशी विद्यार्थ्यांना तिथे मराठीतून व गुजरातीतून शिकवले जात होते. त्यासाठी जर्व्हिसने शास्त्र्यांच्या साहाय्याने गणित आणि भूमिती मराठीत आणली. ‘शिक्षामाला’ हा गणिताचा ग्रंथ त्याच खटाटोपाचे फळ. मॅकॉलेचे कुप्रसिद्ध टिपण १८३५ मधले. म्हणजे त्याच्या आधीच मुंबईत मराठीतून अभियांत्रिकीचे धडे दिले जात होते!

पुढे १८४०च्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळात माध्यमाचा वाद पेटला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने होते. त्यांच्या विरोधात देशी भाषांची बाजू लढवणाऱ्यांत तोच जर्व्हिस होता आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे होते गिरगावचे नाना शंकरशेट. हे तेच नाना, जे गव्हर्नरांशी आणि गोऱ्या व्यापाऱ्यांशी इंग्रजीत बरोबरीने बोलत, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली तिच्या उभारणीमागच्या धुरिणांत ज्यांची गणना होते. स्वतः इंग्रजीत पारंगत असलेल्या या माणसाने सामान्यांच्या मुलांसाठी आग्रह धरला तो मातृभाषेचा. यात विसंगती कुठे आहे? ज्ञान मातृभाषेतून, व्यवहार ज्याच्या त्याच्या भाषेतून, इतके साधे हे सूत्र आहे. पावणेदोनशे वर्षांनंतर नानांच्याच गिरगावात मराठी शाळांचे वर्ग ओस पडतात, हा काळाचा क्रूर विनोद म्हणावा लागेल.

परिभाषेचे रडगाणे तर निव्वळ आळसातून आलेले आहे. शिवछत्रपतींनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून घेतला, तेव्हा त्यात दुर्गवर्ग हा स्वतंत्र विभाग होता. किल्ल्याच्या बांधणीचा शब्दही स्वतःचा हवा, ही त्यामागची दृष्टी. दादरला वास्तव्य केलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’ असे शब्द दिले, तेव्हा त्यांची टिंगल झाली; आज ते शब्द कोणाला खटकतही नाहीत. बांधकामातले उदाहरण हवे असेल, तर ‘चटईक्षेत्र निर्देशांक’ हा शब्द घ्यावा. लालबागच्या चाळीतील आजीसुद्धा आज पुनर्विकासाच्या सभेत तो सहज उच्चारते. ओळंबा, गुण्या, पाणसळ, गिलावा, तुळई, जोते हे शब्द गवंड्याच्या ओठांवर होते आणि आहेत. त्यांना पाठ्यपुस्तकात जागा नाकारली, ती शिकलेल्यांनी.

कोणती इंग्रजी?

मग इंग्रजी शिकूच नये का? असा दुराग्रह धरणारे मराठीचे हितचिंतक नव्हेत. पाट्या बदलल्याने आणि घोषणा दिल्याने बैठकीतील मराठी अभियंत्याला कंठ फुटत नाही. इंग्रजी शिकलीच पाहिजे. प्रश्न कोणती, कधी आणि कशासाठी, एवढाच आहे.

दादरच्या गल्लोगल्ली इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालतात. तिथे तरुणाला विमानतळावर काय बोलावे, हॉटेलात पदार्थ कसे मागवावेत, हे शिकवले जाते. त्याचा बांधकामाशी काय संबंध? कामाच्या जागेवरची इंग्रजी वेगळी असते आणि ती मर्यादितही असते. कंत्राटात ‘शॅल’ आले की ते बंधन असते आणि ‘मे’ आले की ती मुभा असते. या दोन छोट्या शब्दांतील फरकाने कंत्राटदाराचे दिवाळे निघू शकते. आंतरराष्ट्रीय कंत्राटांत ‘फिडिक’चे नमुने वापरले जातात, हे नावही मुळात फ्रेंच आहे, इंग्रजी नव्हे! त्याच्या १९९९च्या नमुन्यात असे कलम आहे की, विलंबाचे किंवा जादा खर्चाचे कारण लक्षात आल्यापासून २८ दिवसांत लेखी सूचना दिली नाही, तर भरपाईचा हक्क बुडतो. म्हणजे कामावरच्या कनिष्ठ अभियंत्याने त्या दिवशीच्या नोंदवहीत लिहिलेली दोन नेमकी इंग्रजी वाक्ये लाखो रुपयांची असतात. मोजमाप पुस्तक, सळयांचे वेळापत्रक, कार्यपद्धतीचे निवेदन, तपासणीची विनंती, रोजचा प्रगती अहवाल : ही सारी इंग्रजी ठरावीक शब्दांच्या आणि ठरावीक वाक्यांच्या चौकटीत मावते.

आणि ती शिकणे सोपे कोणाला जाते? ज्याला वस्तू आधी ठाऊक आहे त्याला. काँक्रीट नीट दबले नाही की स्तंभाच्या अंगावर मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे राहतात, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे, त्याला ‘हनीकोंबिंग’ हा शब्द क्षणात कळतो. उलट ज्याला केवळ शब्द ठाऊक आहे आणि स्तंभ आतून पोकळ राहिलेला ओळखता येत नाही, त्याच्या हाती इमारत देणे म्हणजे रहिवाशांचा जीव टांगणीला लावणे होय. मातृभाषेत पक्के झालेले ज्ञान हा पाया, कामाची इंग्रजी हा त्यावरचा मजला. पाया न घालता मजला चढवू पाहणाऱ्याला कोणता स्थापत्यतज्ज्ञ शहाणा म्हणेल?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मनोऱ्याच्या परातीवर उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओडिशा, तेलंगणातून आलेले कामगार बांधव असतात. वरून येणारी सुरक्षेची सूचना इंग्रजीत असते. ती वेळेवर त्यांच्या भाषेत पोहोचली नाही, तर माणूस दहाव्या मजल्यावरून खाली येतो. इंग्रजी समजणारा, मराठीत विचार करणारा आणि हिंदीत मजुराशी मायेने बोलणारा गिरणगावचा अभियंता हा या साखळीतील अत्यंत मोलाचा दुवा ठरू शकतो. पण भाषेच्या भीतीपायी तो ‘पेटी कंत्राटदार’ म्हणून मजूर पुरवण्यातच समाधान मानतो. त्या शब्दातील ‘पेटी’ म्हणजे पैशांची पेटी नव्हे. ‘क्षुद्र’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा तो अपभ्रंश आहे, हे त्याला कोणी सांगतही नाही!

शासन आणि समाज

या संदर्भात शासनाला जाब विचारावाच लागेल. राजभाषा अधिनियम १९६४ चा. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० चे. २०२१ पासून अभियांत्रिकी भारतीय भाषांतून शिकवण्याची वाट अधिकृतपणे मोकळी झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी अभिजातही ठरली. तरीही चाळीतील रहिवाशासमोर पुनर्विकासाचा करार येतो तो जाडजूड इंग्रजीत. आयुष्यभराचे घर ज्या कागदावर अवलंबून आहे, तो कागद न वाचता सही करायची, ही सक्ती कोणत्या लोकशाहीत बसते? ‘मोकळ्या जमिनी’च्या अर्थाने एकदा फसलेल्या गिरणगावाने पुन्हा तसेच फसावे काय? प्रत्येक पुनर्विकास करार मराठीतही झाला पाहिजे आणि त्या मराठी प्रतीला कायदेशीर मान्यता असली पाहिजे. त्याचप्रमाणे पदविकेची पुस्तके मराठीत देताना प्रत्येक संज्ञेचा इंग्रजी प्रतिशब्द सोबत छापला पाहिजे, म्हणजे भाषांची कुंपणे आपोआप गळून पडतील.

परंतु सारे शासनावर सोडून हातावर हात ठेवणे ही या परिसराची परंपरा नाही. गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालतो. लालबागच्या मंडळांनी दशकानुदशके लाखोंची गर्दी शिस्तीत हाताळली आहे. लोकमान्यांना हवे होते ते हेच सामर्थ्य. मंडळांकडे जागा आहे, कार्यकर्ते आहेत, निधी आहे. दादर-माटुंग्यात १८८७ पासूनचा वारसा सांगणाऱ्या व्हीजेटीआयमधून बाहेर पडलेले कितीतरी निवृत्त अभियंते आहेत. वर्षातील अवघ्या नव्वद संध्याकाळी पुरेत : पहिल्या तीस नकाशे आणि कंत्राटाची कलमे वाचण्याच्या, दुसऱ्या तीस अहवाल आणि पत्रे लिहिण्याच्या, शेवटच्या तीस बैठकीत उभे राहून बोलण्याच्या. समजावणे मराठीत, सराव इंग्रजीत. एका उत्सवातील रोषणाईच्या खर्चात किती तरुणांचे आयुष्य उजळेल, याचा हिशेब मंडळांनीच मांडावा.

इंग्रजीपुढे मुजरा करणे आणि इंग्रजीवर रुसून बसणे, ही एकाच न्यूनगंडाची दोन रूपे आहेत. गवंडी ओळंब्याला घाबरत नाही आणि त्याची आरतीही करत नाही. तो ओळंबा सोडतो, भिंत सरळ आहे की नाही ते पाहतो आणि पुढच्या थराला लागतो. गिरणगावाच्या तिसऱ्या पिढीने इंग्रजीशी नेमके असेच वागावे. आजोबांनी ज्या जमिनीवर घाम गाळला, त्या जमिनीवरील मनोऱ्याच्या बैठकीत नातवाने मागच्या खुर्चीवरून उठून पुढे यावे आणि चूक दिसली की ती चारचौघांत ठणकावून सांगावी.