गाठीआधी भूक मारते!

वारंगा फाटा म्हटले की मराठवाड्यातील माणसाला खिचडी आठवते. नांदेड, हिंगोली आणि हदगाव-यवतमाळकडे जाणारे रस्ते येथे मिळतात. गाड्या थांबतात, प्रवासी उतरतात, गरम खिचडी खाऊन पुढे जातात. याच गाड्यांतून कॅन्सरचे रुग्णही नांदेड, बार्शी, मुंबईची वाट धरतात. तोंडाला रुमाल बांधलेला, गालफडे बसलेला तो माणूस मात्र खाली उतरत नाही. त्याला गिळवत नाही, आणि तपासण्यांसाठी राखलेला पैसा खाण्यावर मोडण्याची घरच्यांची हिंमत होत नाही. फाट्यावर अन्न शिजते आहे आणि गाडीत माणूस उपाशी आहे. हा केवळ नशिबाचा खेळ आहे काय?

निराधार योजनेच्या अर्जासाठी एका शेतमजूर भगिनीची फाईल आमच्याकडे आली. स्कॅन, बायोप्सी, रक्ताचे अहवाल, सारे जागच्या जागी होते. पहिल्या दिवशी वजन ५० किलो. त्यानंतर तीन महिने वजनाचा रकाना कोरा! चौथ्या महिन्यात नोंद सापडली ती ४३ किलोची, आणि शेजारी शेरा : ‘अशक्तपणामुळे केमो पुढे ढकलली.’ सात किलो माणूस झिजला आणि ते कोणीच मोजले नाही.

ही किरकोळ चूक नव्हे. १९८० साली अमेरिकेत ३,०४७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केमो सुरू होण्याआधीच ज्यांचे वजन घटले होते, ते बहुतेक प्रकारच्या कॅन्सरमध्ये इतरांपेक्षा कमी जगले. आज सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक घट हा धोक्याचा इशारा मानतात. ५० किलोच्या बाईसाठी तो इशारा अडीच किलोवरच मिळतो. कॅन्सर शरीरात दाह पेटवतो, भूक मारतो, स्नायू झिजवतो. केमो-रेडिएशनने तोंड येते, उलट्या होतात. अंगात बळ उरले नाही की औषध सोसत नाही, डोस कमी होतो, जंतुसंसर्ग गाठतो, उपचार अर्ध्यावर सुटतो. नुसत्या खाण्याने कॅन्सर बरा होतो असे सांगणारा भोंदू समजावा. पण उपाशी शरीरावर उपचार नीट चालत नाहीत, हेही तितकेच खरे. आणि राबणाऱ्या माणसाच्या अंगावर आधीच मांस कमी, त्याने झिजायचे तरी कशावर?

हे मोजायला कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. एक वजनकाटा आणि चार प्रश्न पुरेत : सहा महिन्यांत वजन किती घटले? नेहमीपेक्षा किती कमी जाते? चावताना-गिळताना काय त्रास होतो? हिंडण्याफिरण्याची ताकद किती उरली? आशा ताईसुद्धा हे विचारू शकते. मग विचारले का जात नाही?

क्षयरोग्याला २०१८ पासून पोषणासाठी महिना ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. झारखंडमधील प्रयोगाने २०२३ साली दाखवून दिले की उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यू खूपच कमी झाले. रोग वेगळा असला तरी धडा घेता येतो. कॅन्सरच्या रुग्णाला मात्र महात्मा फुले योजनेत खाटेवर असेपर्यंतच जेवण. केमो घेऊन घरी आला की चूल त्याची आणि भूकही त्याचीच! संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरचा उल्लेख आहे, पण उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१ हजार ठेवली गेली. म्हणजे साऱ्या कुटुंबाला दिवसाला ५८ रुपये! कुटुंबप्रमुख असाध्य आजारी असलेल्या दारिद्र्यरेषेखालील निराधार कुटुंबाला अंत्योदय कार्ड द्यावे, हे २००३ सालीच ठरले होते. किती जणांना हे ठाऊक आहे? पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाचा अनुच्छेद ४७ सांगतो. कर्तव्य म्हणजे खैरात नव्हे!

त्यातही केवळ तांदूळ-गहू देऊन भागत नाही. रुग्णाला किलोमागे रोज किमान एक ग्रॅम प्रथिने लागतात. डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी, मासळी, मटण यांतून ती मिळतात. पण ‘पथ्य’ सांगून अंडे आणि मटण तोडणारे गावोगाव आहेत, आणि २०१५ च्या कायद्याने गरिबाच्या ताटातील स्वस्त मांसही गेले.

आळवी नगरीत बैल शोधून दमलेला एक गरीब शेतकरी उपाशीपोटी प्रवचनाला आला, तेव्हा तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला लावले, मग धम्म सांगितला, अशी कथा आहे. भूक हाही रोगच, हे तेव्हा कळले होते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक भेटीत वजनाची नोंद झालीच पाहिजे, केमो-रेडिएशनच्या काळात घरी पोषण आहार मिळालाच पाहिजे. आणि बांधवांनो, सरकार जागे होईपर्यंत थांबू नका. आपल्या विहारात एक वजनकाटा आणा, वस्तीतील रुग्णाचे वजन दर आठवड्याला लिहा. वजन घटले की तो कागद घेऊन डॉक्टरांसमोर उभे राहा. रकाना कोरा राहता कामा नये.

जयभीम!