सुतक गाण्याला किती दिवस?

पंधरा दिवसांपूर्वी एका स्नेह्यांकडे संध्याकाळच्या चहाला जाण्याचा योग आला. होळकरशाहीपासून इंदुरात नांदत आलेले हे घर. दिवाणखान्यात अजून तंबोऱ्यांची जोडी भिंतीशी उभी असते. त्या घरची नात जपानी भाषा शिकते आहे. तिने आम्हांला एक जपानी प्रेमगीत ऐकवले. शब्द कळत नव्हते, पण चाल संथ होती आणि आवाज थोडा खरखरीत, मनातले कष्टाने बाहेर काढणाऱ्या माणसाचा असावा तसा. गाणे संपल्यावर आम्ही नाव विचारले. ती म्हणाली, ‘‘त्सुनामी.’’

आजीबाईंच्या कपाळाला आठी पडली. ‘‘अगं बाई, प्रेमाच्या गाण्याला असलं नाव ठेवतं का कुणी?’’

‘‘आजी, गाणं आधीचं आहे. लाट नंतर आली.’’

नातीच्या या उत्तरात एक सबंध प्रश्न दडलेला आहे, असे घरी परतताना आम्हांला वाटत राहिले.

हे गाणे ‘सदर्न ऑल स्टार्स’ या मंडळींचे. टोकियोच्या आओयामा गाकुइन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी उभारलेला हा वाद्यवृंद १९७८ च्या जूनमध्ये लोकांपुढे आला. गीते रचणारे, चाली बांधणारे आणि गाणारे केइसुके कुवाता हे चिगासाकी या समुद्रकाठच्या गावचे. कळफलकाची वाद्ये वाजविणाऱ्या युको हारा पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. पहिले गाणे भरधाव चालीचे, शब्दांची खेचाखेच असलेले. लोकांनी त्यांना गमत्ये ठरवून टाकले. अशा वेळी १९७९ साली त्यांनी ‘इतोशी नो एली’ हे संथ, आर्जवी प्रेमगीत काढले आणि हसणारे लोक गप्प झाले. दहा वर्षांनी, १९८९ साली, अमेरिकेचे विख्यात गायक रे चार्ल्स यांनी तेच गाणे इंग्रजीत गायिले. एका जपानी मद्याच्या जाहिरातीचे निमित्त होते खरे, पण गाणे निमित्ताहून मोठे ठरले. अमेरिकी गाणी ऐकत वाढलेल्या जपानी तरुणाचे गाणे अमेरिकेच्या थोर गायकाच्या कंठातून परत यावे, हा व्याजासकट फिटलेला ऋणानुबंधच म्हणायचा.

‘त्सुनामी’ निघाले २६ जानेवारी २००० रोजी. त्याच्या २९ लाखांच्या आसपास प्रती खपल्या आणि त्या वर्षीचा जपानचा मानाचा रेकॉर्ड पुरस्कारही त्याला लाभला. त्सुनामी म्हणजे बंदरातली लाट. खोल समुद्रात ती होडीखालून निघून गेली तरी नावाड्याला कळत नाही. तो बंदरात परततो तेव्हा बंदर उरलेले नसते, अशी त्या नावामागची कथा सांगतात. विरहाचे एकटेपणही असेच असते. ज्या क्षणी माणूस जाते त्या क्षणी ते जाणवत नाही, घरी परतल्यावर कळते. कुवातांनी ही उपमा उचलली, आणि लग्नघरापासून खानावळीपर्यंत सारा देश ते गाणे गुणगुणू लागला.

आपल्याकडे हा शब्द आला तो २६ डिसेंबर २००४ नंतर. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आणि अंदमान-निकोबारात घडलेल्या अनर्थाच्या बातम्यांतूनच बहुतेकांनी तो प्रथम ऐकला. म्हणून आजीबाईंच्या कपाळाची आठी आम्हांला अगदी समजू शकते. त्यांच्या लेखी त्या शब्दाला दुसरा अर्थच नाही.

जपानवर ती वेळ आली ११ मार्च २०११ रोजी. दुपारी पावणेतीनच्या सुमारास ईशान्य किनाऱ्याजवळ समुद्राखाली भूकंप झाला, आणि पाठोपाठ आलेल्या लाटांनी गावेच्या गावे नेली. मृत आणि बेपत्ता मिळून १८,००० हून अधिक माणसे गेली. त्या दिवसापासून हे गाणे आकाशवाणीवर आणि दूरचित्रवाणीवर ऐकू येईनासे झाले. सरकारी मनाई नव्हती. प्रत्येक केंद्राने आपापल्या मनाने ते बाजूला ठेवले. अशा आपखुषीच्या संयमाला जपानी भाषेत ‘जिशुकु’ म्हणतात. २०१३ साली ही मंडळी काही वर्षांच्या विश्रांतीनंतर पुन्हा एकत्र आली, तेव्हा त्यांच्या मंचावरही ते गाणे आले नाही.

या मौनाची टर उडविणाऱ्यांपैकी आम्ही नाही. ज्याचे मूल लाटेने नेले, त्याच्या कानावर बाजारात उभे असता तो शब्द अवचित पडू नये, असे वाटणे हे माणुसकीचेच लक्षण आहे. आपल्याकडेही घरात कोणी गेले की रेडिओ बंद होतो, तंबोऱ्याला गवसणी चढते, वर्षाचे सण होत नाहीत. शेजारचे लग्नघरसुद्धा त्या दारावरून जाताना वाजंत्री थांबविते. परंतु आपल्या पूर्वजांनी सुतकाला दिवस नेमून दिले आहेत, हेही विसरता कामा नये. तेराव्याला नातलग जमतात, गोडाचा घास आग्रहाने भरवितात आणि दुःखी माणसाला हाताला धरून पुन्हा चारचौघांत आणून बसवितात. गाण्याच्या या सुतकाला मात्र तेरावा दिवसच नव्हता. ते कोणी पाळायचे हे ठरले नव्हते, मग कोणी सोडवायचे हे तरी कसे ठरावे?

येथे जपानच्याच जुन्या काव्याची साक्ष काढावीशी वाटते. मियागी प्रांतात तागाजो येथे सुए नो मात्सुयामा नावाची पाइनवृक्षांची लहानशी टेकडी आहे. इ. स. ९०५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘कोकिन्शू’ या राजसंग्रहापासून प्रेमिक या टेकडीची शपथ वाहत आले आहेत. तिच्यावरून लाट जाणे जितके अशक्य, तितकेच आपण वचन मोडणे अशक्य, असा तो संकेत. ८६९ साली याच किनाऱ्यावर प्रचंड लाट आली होती, आणि तिच्याच आठवणीतून हा संकेत जन्मला असावा, असे काही अभ्यासक मानतात. २०११ साली तागाजोच्या सखल वस्तीत पाणी शिरले, पण ती टेकडी कोरडी राहिली. म्हणजे ज्या किनाऱ्याने लाट सोसली, त्याच किनाऱ्याच्या नावाने हजार वर्षे प्रेमाच्या आणाभाका घेतल्या गेल्या. लाटेची उपमा प्रेमाला देणे हा आघात झालेल्यांचा उपमर्द असता, तर ती कविता केव्हाच बुडाली असती.

कुवातांनी स्वतः काय केले, तेही पाहण्याजोगे आहे. २०११ च्या सप्टेंबरात, अनर्थाला सहा महिने होत असताना, ते मियागी प्रांतात जाऊन गायिले. आदल्या वर्षीच ते कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतून उठले होते. ज्या भव्य सभागृहात ते गायिले, तेथे काही महिन्यांपूर्वी लाटेत सापडलेल्यांचे देह ठेविले होते. तेथे गाणे म्हणणे हे मौनाहून कमी आदराचे होते, असे कोण म्हणेल?

आणि शेवटी ओनागावा. मियागीतील हे मासेमारीचे गाव, तेव्हा सुमारे १०,००० वस्तीचे. त्यातली आठशेंहून अधिक माणसे गेली. १६ महिने नव्हे, जवळजवळ पाच वर्षे गावकऱ्यांनी आपत्काळासाठी उभारलेले एक छोटे रेडिओ-केंद्र चालविले. पाणी कोठे मिळेल, कोण सापडले, असल्या खबरांपासून त्याची सुरुवात झाली. मार्च २०१६ मध्ये काम संपले म्हणून ते केंद्र बंद झाले. निरोप घेताना त्यांनी शेवटचे गाणे लावले ते ‘त्सुनामी’.

मोठ्या शहरांतील मोठी केंद्रे ज्या गाण्याला हात लावण्यास कचरत होती, ते गाणे लाटेत घरे गेलेल्यांनी आपल्या हाताने लावले. तेरावा दिवस त्यांनी केला, आणि तो करण्याचा अधिकारही त्यांचाच होता. आमचे म्हणणे एवढेच, की दुःखिताचे मौन पवित्र मानावे, पण त्याच्या नावाने इतरांनी पाळलेले मौन वेळोवेळी तपासून पाहावे. पुष्कळदा त्यात आदर थोडा आणि ‘कोणी बोल लावू नये’ ही धास्तीच अधिक असते. अशी धास्ती दुःखिताला त्याच्या दुःखातच कोंडून ठेवते.

ओनागावाची ही हकीकत नंतर नातीने आजीबाईंना सांगितली. परवा पुन्हा त्या घरी गेलो, तेव्हा गाणे चालू होते. आजीबाई पोळ्यांची कणीक मळीत होत्या. आम्हांला पाहून म्हणाल्या, ‘‘बसा. एवढं संपू द्या, मग बोलू.’’