खाजेची गोळी आणि रक्तातली साखर

पाऊस लागला की खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजाच्या शिवारात सोयाबीन आणि कपाशीच्या जोडीने न पेरलेले गाजर गवतही माजते. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंद झालेली ही वनस्पती आज राज्यभर बांधाबांधावर दिसते. निंदण-खुरपण करणाऱ्या काहींना तिची अ‍ॅलर्जी होते. चेहरा, मान आणि कोपराचे खळगे लाल होतात, कातडी जाड पडते, खाजेने रात्रभर झोप लागत नाही. कुणाला शिंका आणि दम्याचा त्रास होतो. मग एखादे इंजेक्शन, चार-पाच दिवसांच्या बारीक गोळ्या आणि दोन दिवसांत आराम.

हा झटपट आराम पुष्कळदा स्टेरॉइडचा असतो. रुग्णाला मधुमेह असेल तर त्याच गोळीने रक्तातली साखर वर जाते आणि अनेकदा कुणाच्या लक्षातही येत नाही. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. त्यामुळे हा प्रश्न आता फक्त शहरातल्या दवाखान्यांचा राहिलेला नाही.

दुर्लक्षाची किंमत महाराष्ट्राने २०२१ च्या उन्हाळ्यात मोजली. करोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेला ‘काळी बुरशी’ हा आजार आला. केंद्र सरकारने २८ जून २०२१ रोजी दिलेल्या माहितीनुसार देशात ४०,८४५ रुग्ण सापडले होते आणि ३,१२९ जणांचा मृत्यू झाला होता. रुग्णांपैकी सुमारे ६४ टक्के मधुमेही होते आणि जवळपास ५३ टक्के रुग्णांना स्टेरॉइड दिले गेले होते. ही बुरशी माती, शेण आणि कुजलेल्या पाल्यात नेहमीच असते. एरवी शरीर तिला सहज परतवते. साखर खूप वाढली की संरक्षक पांढऱ्या पेशी मंदावतात, त्यात स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबते आणि बुरशीला वाट मोकळी होते. अनेकांनी डोळा गमावला, अनेकांचा जबडा काढावा लागला.

म्हणून स्टेरॉइडला खलनायक ठरवणे मात्र चूक आहे. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्ये दाखवून दिले की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त १० दिवस दिल्यास व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे एक पंचमांशाने घटतात. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना त्याचा फायदा दिसला नाही. तरीही आपल्याकडे सौम्य आजारातही, काही वेळा पहिल्याच दिवसापासून, घरबसल्या या गोळ्या घेतल्या गेल्या. औषध तेच होते, चूक झाली ती वेळेत, मात्रेत आणि साखरेवर लक्ष न ठेवण्यात.

साखर वाढते कशी, हे समजले तर पुढची काळजी सोपी होते. ताप, न्यूमोनिया, जुलाब अशा आजारांत शरीर कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनॅलिन ही संप्रेरके जास्त सोडते. ती यकृताला साखर तयार करायला लावतात आणि इन्सुलिनचे काम अडवतात. म्हणूनच तापात पोटात अन्नाचा कण नसला तरी साखर वाढू शकते. स्टेरॉइड हे कॉर्टिसॉलच्याच जातीचे औषध असल्याने तेही हेच करते. आजार आणि स्टेरॉइड एकत्र आले की भार दुप्पट होतो.

यातली खरी मेख वेळेची आहे. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा परिणाम दुपारनंतर आणि संध्याकाळी सर्वांत जास्त असतो, रात्री तो ओसरतो. त्यामुळे सकाळची उपाशीपोटीची साखर जवळपास ठीक येते आणि रुग्ण निर्धास्त होतो. गावातल्या तपासणी शिबिरांत पुष्कळदा हीच सकाळची चाचणी होते. स्टेरॉइड सुरू असलेल्या व्यक्तीची साखर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी किंवा रात्रीच्या जेवणाआधी पाहायला हवी. आशा सेविका आणि आरोग्य उपकेंद्रांपर्यंत एवढी एक सूचना पोहोचली तरी बरेच काही साधेल.

अ‍ॅलर्जीची सगळीच औषधे मात्र साखर वाढवत नाहीत. सेटिरिझिनसारख्या गोळ्यांचा साखरेवर फारसा परिणाम होत नाही. नाकातला स्टेरॉइडचा फवारा आणि दम्याचा पंप यांतून रक्तात जाणारे औषध नेहमीच्या मात्रेत अगदी थोडे असते, त्यामुळे भीतीपोटी पंप बंद करणे जास्त धोक्याचे. काळजी घ्यायची ती पोटात घ्यायच्या गोळ्यांची आणि दीर्घकाळ काम करणाऱ्या इंजेक्शनची. अशा एका इंजेक्शनचा परिणाम काही दिवस, कधी काही आठवडेही राहू शकतो. खोकल्याच्या गोड औषधातली साखरही विसरू नये.

आजारपणातले नियम थोडेच आहेत. जेवण गेले नाही म्हणून इन्सुलिन स्वतःहून बंद करू नये. मात्रा बदलायची असेल तर डॉक्टरांना विचारावे. पाणी, ताक, पेज घेत राहावे. उलट्या-जुलाब होत असतील तर मेटफॉर्मिन आणि ‘ग्लिफ्लोझिन’ गटातील गोळ्या काही काळ थांबवाव्या लागू शकतात, तर ग्लिमेपिराइडसारखी गोळी उपाशीपोटी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते. साखर वारंवार ३०० च्या वर राहिली, उलट्या थांबेनात, श्वास जलद झाला किंवा गुंगी आली, तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

स्टेरॉइड संपल्यावरही लक्ष हवे. त्या काळात वाढवलेली मधुमेहाची औषधे तशीच चालू ठेवली तर साखर अचानक खाली जाते. उलट, अनेक आठवडे चाललेले स्टेरॉइड एकदम सोडणेही घातक ठरते, कारण शरीराने स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे कमी केलेले असते.

पोटात घ्यायची स्टेरॉइड कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी जुनी चिठ्ठी, शेजाऱ्याची उरलेली पट्टी, नाव न लिहिलेली पुडी या वाटांनी ती घरात येतात. औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून मागणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि ‘मला शुगर आहे’ हे आधी सांगणे ही त्याची जबाबदारी. तेवढे ऐकले की डॉक्टरही मात्रा आणि तपासणीची वेळ ठरवून देऊ शकतात. बाकी, पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि फुलोऱ्याआधीच उपटलेले गाजर गवत यांनी त्या गोळीची गरजच काही जणांपुरती टळेल.