धारूर पायांनी वाचा

१/ गेल्या आठवड्यात एका दुर्गप्रेमी तरुणाने लिहिलेले वाचले : ‘मराठवाड्यात डोंगर नाहीत, टेकाडे आहेत. गड नाहीत, भुईकोट आहेत. धारूरला गाडी थेट दरवाज्यापर्यंत जाते, ट्रेक शून्य.’ या तीन वाक्यांत चार चुका आहेत आणि त्यांतली शेवटची सर्वांत महागात पडणारी आहे. हा धागा तिच्यासाठी.

२/ प्रथम भूगोल, कारण त्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही. हरिश्चंद्र-बालाघाटची रांग सह्याद्रीपासून फुटून आग्नेयेकडे येते आणि बीड जिल्ह्याचे सरळ दोन मजले करते. खाली गोदाकाठचा सखल, काळ्या मातीचा प्रदेश, वर पठार. ‘बाला’ म्हणजे वरचा. बालाघाट म्हणजे घाटाच्या वरचा मुलूख. नावातच चढ आहे. आपण तो वाचीत नाही, एवढेच.

३/ धारूर या वरच्या मजल्याच्या अगदी कडेवर बसले आहे. केज किंवा अंबाजोगाईकडून आलात तर पठारावरून सपाटीने येता आणि किल्ला ‘भुईकोट’ वाटतो. माजलगावकडून आलात तर घाट चढून येता आणि तोच किल्ला डोंगराच्या माथ्यावर पहारा देत उभा दिसतो. किल्ला एकच, तुम्ही कोणत्या दिशेने आलात त्यावर तो गिरिदुर्ग ठरतो की भुईकोट. वर्गीकरणाचे तक्ते पाठ करणाऱ्यांनी यावर थोडा विचार करावा.

४/ आता इतिहास. २३ जानेवारी १५६५ रोजी तालिकोटच्या रणात दक्षिणेतील सुलतान विजयनगराविरुद्ध एकत्र लढले. ती मैत्री विजयानंतर फार टिकली नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांतच अली आदिलशाहाचा सरदार किश्वरखान निजामशाही मुलखात घुसला आणि १५६७ च्या सुमारास त्याने धारूरचा कोट उभा केला. फेरिश्ता हे सांगतो. तो आधी अहमदनगरच्या आणि नंतर विजापूरच्या दरबारात वावरलेला माणूस; दोन्ही बाजूंच्या कहाण्या त्याच्या कानावर होत्या.

५/ प्रश्न असा की येथेच का? शत्रूच्या मुलखात, घाईने, किल्ला बांधायचा तर सरदार जागा कशी निवडतो? नकाशावर हे उत्तर मिळत नाही. माजलगावच्या बाजूने पायी चढून या, मिळेल. खालून येणाऱ्याचे पाय भरून आलेले, छातीत श्वास मावत नाही, घोडा असेल तर तोही फेसाळलेला. आणि नेमके त्याच क्षणी माथ्यावर तटबंदी. विजापूरकडून आलेल्या फौजेला मात्र पठारावरून सपाटीने रसद पोहोचते. एका बाजूला उंबरठा, दुसऱ्या बाजूला अंगण. किश्वरखानाने दाराशी खाट टाकली.

६/ ती खाट त्याला लाभली नाही, हा भाग वेगळा. मूर्तझा निजामशहा चिडून चालून आला, किश्वरखान बाण लागून मेला आणि किल्ला निजामशाहीत गेला. किल्ल्याला बांधणाऱ्याचे नाव फार काळ चिकटत नाही.

७/ येथे एक आडवळण घेतो, कारण प्रतिसादांत हे येणारच. ‘हा मूळचा राष्ट्रकूटांचा महादुर्ग, किश्वरखानाने फक्त डागडुजी केली’ असे ठिकठिकाणी लिहिलेले आढळते. घाटमाथ्याची जागा आधीपासून कुणाच्या तरी ताब्यात असणार, हे मान्य. पण आज उभा असलेला हा तट राष्ट्रकूटांचा आहे असे म्हणणाऱ्याने लेख दाखवावा, ताम्रपट दाखवावा, चिऱ्याची घडण दाखवावी. आपल्याला आवडते म्हणून एखादी भिंत आठशे वर्षांनी जुनी होत नाही.

८/ आता या धाग्याचा गाभा. सन १६३०. खानजहान लोदीचे बंड मोडण्यासाठी आणि निजामशाही संपवण्यासाठी शाहजहान स्वतः बऱ्हाणपुरास येऊन बसला आहे. त्याचा सेनापती आझमखान बीडच्या परिसरात खानजहानाच्या मागे आहे. त्या वर्षी बालाघाटात पाऊस झालेला नाही. गुजरात-दख्खनला होरपळणारा तो भीषण दुष्काळ सुरू झाला आहे. अशा हंगामात आझमखान धारूर घ्यायला निघतो.

९/ बादशाहनाम्यात अब्दुल हमीद लाहोरी या मोहिमेचे वर्णन देतो. त्यात तीन तपशील आहेत. फौज अंजनडोहाचा घाट चढली. धारूरपासून तीन कोसांवर तळ पडला. आणि पहिला हल्ला किल्ल्यावर नव्हे, कसब्यावर आणि त्याच्या पेठेवर झाला, जेथे आठवड्यातून एकदा दूरदूरची माणसे खरेदी-विक्रीस जमत.

१०/ अंजनडोह! हे गाव आजही धारूर तालुक्यात आहे. सुमारे चारशे वर्षांपूर्वीचा दरबारी फारसी ग्रंथ एका घाटाला नाव देतो आणि ते नाव आजही एसटीच्या पाटीवर वाचता येते. यापेक्षा मोठी मेजवानी इतिहासाच्या विद्यार्थ्याला कोणती हवी? आणि आपण ‘ट्रेक शून्य’ म्हणून गाडी वळवून परत जातो.

११/ या तीन तपशिलांचा अर्थ लावू. हा माझा तर्क आहे, तसाच घ्यावा. आझमखान किल्ल्याच्या नाकासमोरून चढला नाही. त्याने दुसरा घाट धरला, पठारावर पाय रोवले, तीन कोस दूर, म्हणजे आजच्या हिशेबाने नऊ-दहा किलोमीटरवर, दम खाल्ला आणि मग सपाटीच्या बाजूने कसब्यावर आला. लाहोरी सांगतो की किल्ला उंचवट्यावर असून भोवती ओलांडण्यास अवघड ओढे-नाले आहेत. म्हणजे दऱ्यांची बाजू अभेद्य. उघडी बाजू गावाची. म्हणून तर तेथे खंदक खणला. हल्ला करणाऱ्याने आणि बांधणाऱ्याने भूगोल सारखाच वाचला होता. न वाचणारे आपण.

१२/ आणि पेठ आधी का? दुष्काळाच्या वर्षी आठवडी बाजार म्हणजे धान्य, चारा, जनावरे. तट फोडण्याआधी पोट भरायचे. याच मोहिमेत पुढे परंड्याला आझमखानास वेढा उठवावा लागला, तो चारा संपल्यामुळे. युद्धाच्या चित्रांत आपण तलवारी पाहतो. गवताची पेंढी कुणी काढीत नाही.

१३/ जानेवारी १६३१ मध्ये धारूर पडले आणि मोगलांनी त्याचे फतेहाबाद केले. नाव कागदावर राहिले, लोकांच्या तोंडी बसले नाही.

१४/ पस्तीस वर्षांनी हा परिसर पुन्हा कागदावर येतो. ऑक्टोबर १६६६. महाराज आग्र्याहून निसटले आहेत. नेताजी पालकर मोगलांच्या बाजूस गेलेले, मिर्झाराजा जयसिंगाच्या लष्करात, बीड-धारूर भागातल्या छावणीत. औरंगजेबाच्या हुकमावरून त्यांना येथेच कैद करून उत्तरेस पाठवले गेले. पुढे धर्मांतर, मुहम्मद कुलीखान हे नाव, काबूलची मोहीम आणि १६७६ साली परत येऊन स्वधर्मात प्रवेश, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

१५/ पण ‘नेताजींना याच कोठडीत ठेवले होते’ असे म्हणत किल्ल्यातल्या एखाद्या अंधाऱ्या खोलीत चित्रफीत काढणाऱ्यांना माझा विरोध आहे. छावणी म्हणजे मैलोगणती पसरलेले चालते-फिरते शहर. त्या अटकेची जागा एका खोलीत कोंबणे म्हणजे इतिहासाला पर्यटनाचे लेबल लावणे. नेताजींची व्यथा समजून घ्यायची असेल तर पठाराच्या कडेला उभे राहून पश्चिमेकडे पाहा. ज्या मुलखात हा माणूस सरनौबत होता तो तिकडे, कित्येक मजलांवर. सुटून जायचे तर घोड्यावर किती दिवस? हा हिशेब खोलीत बसून सुचत नाही.

१६/ आता मूळ मुद्दा. पायांनी इतिहास वाचणे ही काही हौशी ट्रेकरांची लहर नव्हे. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या तुडवीत हिंडले. जुन्या पायवाटा, त्यांचे तिठे, तेथील देवींची ठाणी आणि सूक्ष्म दगडी हत्यारे यांची सांगड घालून त्यांनी जे मांडले ते १९६२ च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’त आहे. जदुनाथ सरकार आणि रियासतकार सरदेसाई यांनी जोडीने ऐतिहासिक स्थळे पायाखाली घातली. आपल्या पिढीच्या मनगटावर अंतर, चढ आणि हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ आहे. कोसंबींकडे ते नव्हते. आपण त्याचा उपयोग करतो तो सिंहगड किती मिनिटांत चढलो हे जगाला सांगण्यासाठी.

१७/ धावणाऱ्यांनी रागावू नये, मीही धावणाराच आहे. साताऱ्याच्या डोंगरी शर्यतीचे वेड मला कळते. परंतु धावण्याने एक गोष्ट शिकवली, ती अशी की उताराचा कोन डोळ्यांना फसवतो, पोटऱ्यांना नाही. एका पहाटे घाटाच्या जुन्या वाटेने चढत होतो. मुरूम सैल, दोन्ही बाजूंना सीताफळीची झुडपे. शेळ्या घेऊन उतरणारे एक म्हातारबाबा थांबले, मला खालीवर न्याहाळले आणि म्हणाले, ‘पोरा, मागं कोन लागलंय का?’ कुणी नाही, बाबा, म्हटल्यावर म्हणाले, ‘मंग पळतूस कशाला? ही वाट बाजाराची हाय. वझं घिऊन चालायची.’

१८/ हा पुरावा नव्हे. एका वृद्धाच्या शब्दावरून लाहोरी सिद्ध होत नाही. पण त्यानंतर मी वाटेकडे वेगळ्या नजरेने पाहिले. ती कुठेही एकदम उभी चढत नव्हती. लादलेल्या बैलाला झेपेल असे वळण घेत, थोडे जास्त अंतर पत्करून वर जात होती. ट्रेकरची वाट सरळ माथा गाठते, ओझेकऱ्याची वाट आडवी फिरते. हा फरक कळला की डोंगरावरची कोणती रेघ कुणी काढली हे ओळखू येऊ लागते.

१९/ मी हे आज घाईने लिहितो आहे त्याला कारण आहे. तट ढासळला तर निदान छायाचित्रे उरतात, संरक्षित स्मारकाची पाटी तरी लागते. पायवाटेला कुठलीही पाटी नाही. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्यातील बारा किल्ले जागतिक वारशात गेले, आनंदच आहे. पण कोणत्याही यादीत बाजाराची वाट येत नाही. ती चालणाऱ्यांच्या पायांनी जिवंत राहते. दोन-चार पावसाळे कुणी फिरकले नाही की घाणेरी माजते, ओहोळ वळण बदलतो, वाट पुसली जाते. डांबरी घाटरस्ता रुंद होताना तिचे उरलेसुरले तुकडे मुरुमाखाली जातात आणि कुणाला कळतही नाही.

२०/ आणि चालणारे कमी का झाले? हा जिल्हा राज्याला सर्वाधिक ऊसतोड मजूर पुरवतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक भरतात, वाड्या-तांडे रिकामे होतात, पाच-सहा महिने दारांना कुलपे. ‘किती शांत, किती निर्जन ट्रेल!’ असे कौतुकाने लिहिणाऱ्या मित्रा, ती शांतता निसर्गाने दिलेली नाही. घरातली माणसे दुसऱ्या जिल्ह्यात कोयता चालवीत आहेत.

२१/ अंबाजोगाईला तुम्ही जाताच. योगेश्वरी महाविद्यालय, वैद्यकीय महाविद्यालय. प्रवेश, परीक्षा, धाकट्या बहिणीला वसतिगृहात सोडणे, काही ना काही निमित्त असते. योगेश्वरीचे दर्शन घेता आणि दुपारची गाडी पकडता. एक रात्र राहा. सकाळी मुकुंदराजांच्या समाधीकडे पायी जा. शहर जेथे संपते तेथे पठार एकदम तुटते आणि दरी उघडते. ‘विवेकसिंधु’ शके १११० चा मानतात. तो येथला की वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याचा, हा वाद जुना आहे आणि तो ग्रंथांतून लढला जातो. निदान एक बाजू तरी प्रत्यक्ष पाहून मग मत द्यावे. वाटेत हत्तीखान्याची लेणी आहेत. दुसऱ्या दिवशी धारूर, तासाभराची वाट.

२२/ किल्ल्याच्या दाराशी गाडीतून उतरू नका. घाटाखाली उतरा आणि चढून या. पाणी भरपूर घ्या, मार्च ते मे मुळीच जाऊ नका. पावसाळा सरता सरता उत्तम. सीताफळे पिकू लागलेली असतात, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. मात्र झाडे कुणाच्या तरी मालकीची असतात. विकत घ्या, तोडू नका. वाटेत भेटणाऱ्या माणसाला आधी रामराम घाला, मग वाट विचारा, आणि तो सांगेल ते नाव वहीत तसेच्या तसे उतरवून घ्या. शुद्धलेखन घरी करावे.

२३/ घड्याळातला मार्ग जपून ठेवा. अंजनडोह ते धारूर हे अंतर लाहोरीच्या तीन कोसांच्या तळाशी कसे जुळते, तळासाठी पाणी कुठे मिळाले असेल, कसब्याकडे येताना तट प्रथम कुठून दिसतो, एवढे तीन प्रश्न घेऊन चार जण वेगवेगळ्या वाटांनी चालले तर जे हाती येईल ते कुठल्याच प्रकाशित पुस्तकात सापडणार नाही. ‘गाडी दरवाज्यापर्यंत जाते’ हे वाक्य खरे असूनही चूक का, ते तेव्हा कळेल. आझमखानाची जात नव्हती.

२४/ मार्गांच्या नोंदी प्रतिसादांत टाका. मी एकत्र करतो आहे. पुढचा धागा परंड्यावर, जेथे त्याचे घोडे उपाशी राहिले.