जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावरचा धर्म

8 मे 2025 रोजी पोपपदी निवडले गेलेले चौदावे लिओ जन्माने अमेरिकी असले, तरी त्यांच्या उमेदीची अनेक वर्षे पेरूमध्ये मिशनरी म्हणून गेली. त्यापूर्वी 2022 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनच्या कारभाराची फेररचना करताना सुवार्ता-प्रसाराचे खाते सर्व खात्यांच्या वर नेऊन ठेवले आणि त्याचे प्रमुखपद पोपकडेच राहील अशी व्यवस्था केली. आपला संदेश जगभर नेणे हा चर्चच्या दृष्टीने ऐच्छिक उपक्रम नव्हे, तो श्रद्धेचाच भाग आहे. तो सोडून द्या, असे सांगणे म्हणजे ख्रिस्ती माणसाला निम्मा धर्म पाळण्याची परवानगी देण्यासारखे आहे. आपल्या घटनाकारांना याची पुरती जाणीव होती. राज्यकर्त्यांना ती राहिलेली नाही.

घटना समितीत 6 डिसेंबर 1948 रोजी, आज अनुच्छेद 25 म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीवर चर्चा झाली. धर्म मानण्याच्या आणि आचरण्याच्या स्वातंत्र्याबद्दल मोठा वाद नव्हता; खरा वाद ‘प्रसार’ या एका शब्दावर होता. ओरिसाचे लोकनाथ मिश्र यांनी या शब्दाला कडाडून विरोध केला. कन्हैयालाल मुन्शी हे काही मिशनऱ्यांचे पाठीराखे नव्हेत. तरीही त्यांनी सभागृहाला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही की, हा शब्द अल्पसंख्याकांशी झालेल्या समझोत्याचा भाग आहे. दुसरी अशी की, तो गाळला तरी भाषणस्वातंत्र्याच्या आधारे कोणीही कोणाचेही मन वळवू शकेलच. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी तर आपण चौदा वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण आपल्या धर्मांतराचा प्रयत्न झाला नाही, असे नमूद केले. शब्द राहिला. फाळणीच्या जखमा ओल्या असताना तो राहिला, याचे मोल आज विसरले जाते.

त्यानंतरच्या वाटचालीत मराठी वाचकांच्या परिचयाचे एक शहर येते. जुन्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर असताना, 1954 मध्ये तेथील सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. 1956 च्या तिच्या अहवालाने धर्मांतर हेच मुख्य उद्दिष्ट असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवण्याची शिफारस केली. याच सुमारास धर्मांतरांचे नियमन करणारे एक खासगी विधेयक लोकसभेपुढे आले. अशा कायद्याने गैरप्रकार फारसे थांबणार नाहीत, उलट अनेकांच्या छळाला तो कारण ठरेल, अशी भूमिका पंतप्रधान नेहरूंनी 1955 मध्ये घेतली आणि ते विधेयक बारगळले. 1978 च्या ओमप्रकाश त्यागी यांच्या विधेयकाचीही गत तीच झाली. केंद्रात जे साधले नाही ते राज्यांनी मात्र केले. ओरिसाने 1967 मध्ये आणि मध्य प्रदेशाने 1968 मध्ये कायदे केले, आणि 17 जानेवारी 1977 रोजी, आणीबाणीच्या अखेरच्या दिवसांत, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने स्टॅनिस्लॉस खटल्यात ते वैध ठरवले. प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे, असा निकालाचा आशय होता. परंतु ज्याला ती तत्त्वे पटली, त्याच्या हक्काचे काय, या प्रश्नाला त्या निकालात पुरेसे उत्तर सापडत नाही.

ते उत्तर आता जिल्हाधिकाऱ्यांनी द्यायचे आहे. उत्तर प्रदेशच्या 2021 च्या कायद्यानुसार धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी, तर विधी करणाऱ्याने एक महिना आधी सूचना द्यावी लागते. मग जिल्हाधिकारी पोलिसांकरवी त्या धर्मांतरामागील ‘खरा हेतू’ तपासतात. धर्मांतरानंतर पुन्हा घोषणापत्र, ते सूचनाफलकावर, आणि पुन्हा जातीने हजेरी. पूर्वीच्या धर्मात परतणाऱ्याला यातले काहीच लागू नाही. धार्मिक संस्थेच्या नामवंत शाळेतील मोफत शिक्षण प्रलोभनाच्या व्याख्येत बसते आणि ‘ईश्वरी अवकृपा’देखील! 2024 च्या दुरुस्तीने काही प्रकरणांत जन्मठेपेपर्यंत शिक्षा नेली आणि तक्रारीचे दार कोणालाही खुले केले. सातबाऱ्यापासून निवडणुकीपर्यंतची कामे निपटणाऱ्या अधिकाऱ्याने एखाद्याच्या अंतःकरणाचा पंचनामा कोणत्या निकषावर करावा? प्रशासनात हयात घालवलेल्या या पानाच्या वाचकांनीच त्याचे उत्तर शोधावे.

अर्थात, चर्चची बाजू सर्वस्वी स्वच्छ आहे असे नाही. नोव्हेंबर 1999 मध्ये दुसरे जॉन पॉल दिल्लीत आले. त्याच वर्षी जानेवारीत पंतप्रधान वाजपेयींनी धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चेची हाक दिली होती आणि पाठोपाठ ओरिसातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स व त्यांच्या दोन मुलांना जिवंत जाळण्यात आले होते. अशा वेळी पोपनी याच राजधानीत जो दस्तऐवज जाहीर केला, त्यात तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेचे मोठे पीक हाती येण्याची आशा व्यक्त झाली. धर्मशास्त्रात ही उपमा जुनीच. पण पीक म्हटले की शेत कोणाचे हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात येतोच. त्याची किंमत रोममध्ये नव्हे, डांग आणि कंधमालमधील गरीब ख्रिस्ती कुटुंबांना मोजावी लागते. चर्च सक्तीने नव्हे, आकर्षणाने वाढते, हे सोळाव्या बेनेडिक्ट यांचे 2007 मधील प्रतिपादन आणि फ्रान्सिस यांनी केलेला त्याचा सतत पुनरुच्चार अधिक शहाणपणाचा होता.

संदेश आणि संस्था यांतला हा फरक मराठी मुलखाने फार आधी पाहिला आहे. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले. त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान दिले. परदेशी पैशाच्या सावलीतून ख्रिस्ताला बाहेर काढण्याचा तो प्रयत्न होता, आणि त्यासाठी त्यांना कोणत्याही सरकारी परवान्याची गरज पडली नाही.

राहता राहिला प्रलोभनाचा मुद्दा. 1971 च्या जनगणनेत ख्रिस्ती लोकसंख्या 2.6 टक्के होती. 2011 मध्ये ती 2.3 टक्के नोंदली गेली. देश ख्रिस्ती होत चालल्याच्या आरोळ्यांशी हे आकडे जुळत नाहीत. नोंदीपेक्षा प्रत्यक्ष संख्या अधिक आहे, असा प्रतिवाद केला जातो. तो खरा मानला, तर लोक आपला धर्म का लपवतात, हेही सांगावे लागेल. एक कारण कायद्यातच आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम मुख्यतः हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिश्चनांना नाही. म्हणजे दलित माणूस चर्चमध्ये गेला की शिष्यवृत्ती, नोकरीतील आरक्षण आणि राखीव मतदारसंघ तिघांनाही मुकतो. याहून मोठे उलटे प्रलोभन कोणते?

हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2012 मध्ये धर्मांतराच्या पूर्वसूचनेची अट रद्द केली. आपली श्रद्धा स्वतःपाशी ठेवण्याचा माणसाला अधिकार आहे, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते. 2019 मध्ये त्याच राज्याच्या विधानसभेने नवा कायदा केला आणि त्यात एक महिन्याच्या पूर्वसूचनेची अट पुन्हा घातली.