परक्या हातांची मालिश

सुटीतले चार आठवडे परदेशातील एखाद्या विशेष शाळेत काढायचे, तेथील अपंग मुलांना मालिश करायची आणि परतल्यावर त्यावर लेख लिहायचा, असा एक उपप्रकार प्रवासवर्णनात रुजला आहे. व्हिएतनामवर असे लेखन बरेच होते. लिहिणाऱ्यांच्या हेतूंविषयी आम्हांस शंका नाही. आमचे म्हणणे या लेखनाविषयी आहे, आणि लेखनामागे हात असल्यामुळे थोडेसे हातांविषयीही.

या लेखांत मूल सहसा फक्त हसते. पहिल्या दिवशी आखडलेली त्याची मूठ शेवटच्या दिवशी उघडते आणि तेथे लेख संपतो. सेरेब्रल पाल्सीतला स्नायूंचा ताठरपणा मेंदूच्या इजेतून येतो. मालिशने तो काही काळ सैलावतो, मुलाला बरे वाटते. इजा मात्र तशीच राहते आणि ताठरपणा परततो. म्हणजे मालिशचे जे काही मोल आहे ते ती रोज होण्यात आहे. मूठ पुन्हा मिटते ती विमान सुटल्यानंतर, आणि तोवर लेख लिहून झालेला असतो. शिवाय जे मूल कधी उभे राहिलेले नाही त्याची हाडे बहुधा ठिसूळ असतात, तेथे जोर लावणे धोक्याचे. ऑटिझम असलेल्या काही मुलांना हलका स्पर्श असह्य होतो, दाबून केलेला चालतो. ज्या मुलाला 'नको' म्हणता येत नाही, त्याचे 'नको' मान वळवण्यात, श्वास रोखण्यात असते. आम्ही साहित्याची माणसे 'वाचणे' हा शब्द वाटेल तेथे वापरतो. येथे तो खरोखरच लागू पडतो, आणि हे वाचन चार आठवड्यांत येत नाही.

आता व्हिएतनाम. १९६१ ते १९७१ या काळात अमेरिकी सैन्याने तेथे सुमारे ७.५ कोटी लिटर वनस्पतिनाशके फवारली. त्यांतील एजंट ऑरेंजमध्ये डायॉक्सिन हे विष होते. त्याच युद्धात लढलेल्या जॉर्ज मिझो या अमेरिकी सैनिकाच्या पुढाकाराने १९९८ साली हनोईजवळ मैत्रीग्राम उभे राहिले. तेथे व्हिएतनामी माजी सैनिकांवर आणि मुलांवर उपचार होतात, मुलांना शिकवलेही जाते. इतिहास एवढा मोठा, की तो समोरच्या प्रत्येक मुलावर लादण्याचा मोह लेखकाला होतो. एका विशिष्ट मुलाचे अपंगत्व डायॉक्सिनमुळेच आले हे सिद्ध करणे वैद्यकाला फार अवघड जाते. लेखाला ते एका वाक्यात जमते.

आम्हांस सर्वांत खटकते ते पुढेच. व्हिएतनाममध्ये मालिश हा अंध व्यक्तींचा रुळलेला व्यवसाय आहे. अंधांच्या संघटना ती शिकवतात, अनेक शहरांत अंध मालिशकारांची केंद्रे आहेत. ज्या देशात अपंग माणसे याच विद्येवर घर चालवतात, तेथे आपण मालिश घेऊन गेलो असे लिहिणाऱ्याला हे मालिशकार दिसतच नाहीत काय?

खुद्द भारतातून ही विद्या उलट दिशेने गेली आहे. फ्रेडरिक लबोये या फ्रेंच डॉक्टरांनी कोलकात्यात एका आईला बाळाची मालिश करताना पाहिले आणि १९७६ साली तिच्याच नावाचे 'शांतला' हे पुस्तक काढले. ब्राझीलमध्ये बाळाच्या मालिशला आज 'शांतला'च म्हणतात. (आपल्या घरोघरी येऊन बाळाला पायांवर घेणाऱ्या, तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या बाईंच्या वाट्याला एवढेही आले नाही.)

पाहुण्याने जाऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. त्याने वर्षानुवर्षे मुलांना सांभाळणाऱ्या सेविकेशेजारी बसावे, तिचे हात पाहावेत, आपल्याला काही अधिक येत असेल तर ते तिला आणि मुलांच्या आयांना शिकवून यावे. आणि प्रवासवर्णन शिकवणाऱ्या आमच्या मित्रांनी असा एखादा लेख वर्गात घेऊन विद्यार्थ्यांना एवढेच शोधायला सांगावे: यातल्या मुलाने कोठे हात झिडकारला आहे काय, आणि लेखकाने ते लिहिले आहे काय?